गाठीतल्या पेशींना जेवू घालणारे किट: महिनाभराच्या वापरानंतर

आमच्या आर्वी तालुक्यात गेल्या दिवाळीपासून कर्करोगाच्या रुग्णांसाठी म्हणून एक किट घरोघरी विकले जात आहे. महिन्याच्या किटची किंमत ६,९०० रुपये आहे, म्हणजे जवळपास क्विंटलभर कापसाचे पैसे. कंपनीचे नाव मी देत नाही, कारण हाच माल शेजारच्या तालुक्यात दुसऱ्या नावाने विकला जाताना मी पाहिला आहे आणि मला बोलायचे आहे ते मालाबद्दल. माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले बंधू, यांच्यासाठी चुलतभावाने ते घेतले. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे खोके फोडण्याआधी ते माझ्याकडे यायला हवे होते. आले तेव्हा निम्मे संपले होते.

मोठेबाबांनी तीस वर्षे खर्रा खाल्ला. डाव्या गालाच्या आतून कर्करोग निघाला, शस्त्रक्रिया झाली, शेक (किरणोपचार) झाले आणि दीड वर्षाने गाठ परत आली. आता त्यांचे तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही. नागपूरला त्यांना गोळ्यांच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी निव्होलुमॅबचे २० मिलीग्रॅमचे इंजेक्शन देतात. हा प्रतिकारोपचार आहे, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारपेशींना कर्करोगाविरुद्ध जागे करणारे औषध. किट विकणाऱ्या मुलाला हे ठाऊक होते आणि त्याचे सगळे भाषण त्या इंजेक्शनवरच उभे होते. "सर, इंजेक्शन सैनिकाला जागं करते, आमचं किट त्याले जेवू घालते," असे तो मला म्हणाला. हे वाक्य वर्गात माझ्या तोंडून निघाले असते तर मी स्वतःवरच खूश झालो असतो. त्यातला पहिला अर्धा भाग खरा आहे, दुसऱ्या अर्ध्यामागचा प्रश्नही खरा आहे, आणि म्हणूनच हे किट साध्या भोंदूगिरीपेक्षा अधिक काळजीपूर्वक तपासावे लागते.

खोक्यात एकूण सहा वस्तू निघतात: आर्जिनिन या अमिनो आम्लाची (प्रथिनांच्या एका घटकाची) पूड, 'अल्कली थेंबां'ची बाटली, अँटिऑक्सिडंट कॅप्सूल, गुळवेलीच्या गोळ्या, प्रोबायोटिकच्या पुड्या आणि पथ्याचा कागद. सोबत झाकणाचा एक प्लॅस्टिकचा शेकर फुकट मिळतो. डब्यांचे वेष्टन चांगले आहे, सील घट्ट आहे, छपाई स्वच्छ आहे. पुडीच्या डब्यावर, बॅच क्रमांकाच्या खाली, डोळ्यांना ताण देऊन वाचावे लागेल अशा अक्षरांत 'औषधी उपयोगासाठी नाही' असे लिहिले आहे. आहारपूरक म्हणून परवाना घेतलेल्या मालावर हे लिहावेच लागते. कर्करोगाबद्दलचे सगळे दावे डब्यांवर नसून सोबतच्या सुट्या रंगीत पत्रकात आहेत, आणि त्या पत्रकावर छापणाऱ्याचे नाव किंवा पत्ता यातले काहीच नाही.

पत्रकाच्या पहिल्या पानावर पेट स्कॅनचे चित्र आहे. काळ्या शरीरात एक पिवळा ठिपका पेटल्यासारखा दिसतो आणि खाली मजकूर आहे: 'पाहा, कॅन्सर साखर खातो.' चित्र खरे आहे. त्या तपासणीत ग्लुकोजसारख्याच रेणूला किरणोत्सारी फ्लोरीन जोडून तो शिरेतून देतात आणि जिथे तो अधिक शोषला जातो तिथे ठिपका उजळतो. त्या फ्लोरीनचा अर्धायुष्यकाळ ११० मिनिटांच्या आसपास असल्यामुळे सगळा कारभार घाईने उरकावा लागतो. गाठीतल्या पेशी भरपूर ग्लुकोज ओढून प्राणवायू असतानाही त्याचे लॅक्टिक आम्लच करतात, हे ओटो वारबुर्ग यांनी बर्लिनमध्ये १९२०च्या दशकात दाखवले होते. त्यांना १९३१ चे नोबेल मिळाले, मात्र ते श्वसनाच्या विकरावरील (एन्झाइमवरील) कामासाठी. इथपर्यंत पत्रकाशी माझे भांडण नाही. भांडण सुरू होते ते पुढच्या ओळीपासून: 'म्हणून साखर, गूळ, केळी, भात, दूध पूर्ण बंद.'

कर्करोगाच्या पेशीला मारायला जाणारी प्रतिकारसंस्थेची टी पेशी, म्हणजे त्या मुलाचा 'सैनिक', जागी झाली की तिलाही तशीच भूक लागते. झोपलेली टी पेशी थोडक्यात भागवते. लढायला उठली की तीही ग्लुकोज भराभर जाळू लागते, कारण तिला दुप्पट-चौपट व्हायचे असते आणि इंटरफेरॉन गॅमासारखी हत्यारे घडवायची असतात. २०१५ मध्ये दोन वेगवेगळ्या संशोधक गटांनी दाखवले की उंदरांच्या काही गाठींत ग्लुकोजची टंचाई झाली की टी पेशी जिवंत राहूनही निष्प्रभ होतात. पऱ्हाटीच्या तासात तण माजले की पऱ्हाटीचे बी वाईट नसतानाही बोंडे धरत नाहीत, तसा हा प्रकार आहे. अशा वेळी शेतकरी खत बंद करून तणाला उपाशी मारायला जात नाही. गेला तर आधी कोण वाळेल हे त्याला कळते. पथ्याचा हा कागद लिहिणाऱ्याला ते कळलेले दिसत नाही.

त्यातही २०२१ मध्ये अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या गटाने हे चित्र आणखी गुंतागुंतीचे करून टाकले. त्यांनी उंदरांच्या गाठीतल्या पेशी वेगवेगळ्या करून प्रत्येक पेशी किती ग्लुकोज घेते हे मोजले, तेव्हा सर्वांत जास्त ग्लुकोज कर्करोगाच्या पेशी घेत नव्हत्याच. ते घेत होत्या मायलॉइड पेशी, म्हणजे आपल्याच प्रतिकारसंस्थेच्या, पण गाठीत जाऊन बऱ्याचदा गाठीचीच बाजू घेणाऱ्या पेशी. कर्करोगाच्या पेशी ग्लुटामिन या अमिनो आम्लावर अधिक तुटून पडत होत्या. म्हणजे पेट स्कॅनवरचा पिवळा ठिपका हा सगळाच्या सगळा शत्रूचा मुक्काम असतो असे धरून चालता येत नाही. मला स्वतःला हे वाचून बरे वाटले होते, कारण दहा वर्षे मीही मुलांना वारबुर्गची गोष्ट पत्रकाइतकीच सोपी करून सांगत होतो.

घरी काय झाले ते सांगतो. चुलतभाऊ रोज सकाळी ग्लुकोमीटरने मोठेबाबांची साखर मोजून वहीत लिहीत होता. साखर, गूळ, केळी, दूध सगळे बंद असूनही उपाशीपोटीचे आकडे तीन आठवडे ८५ ते ९५ च्या दरम्यानच राहिले, कारण बाहेरून साखर आली नाही तर यकृत ती स्नायूंतल्या प्रथिनांपासून तयार करते. रक्तातली साखर जागची हलली नाही. वजन मात्र ५१ किलोवरून ४७ वर आले. तोंड उघडत नसलेल्या माणसाचे दूध-केळे बंद करणे म्हणजे त्याच्या घशाखाली सहज उतरणाऱ्या मोजक्या गोष्टीच काढून घेणे. मोठी आई तर पहिल्या आठवड्यातच म्हणाली होती, "तुमचा कागद काय म्हणते ते मले नाही समजत, पण मानसाची कंबर पाहा ना जरा." तेव्हा कोणी पाहिले नाही, मीही नाही.

आता थेंबांकडे येतो. गाठीत तयार होणारे लॅक्टिक आम्ल आजूबाजूला साचते. रक्ताचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; आकडा कमी तितकी आम्लता जास्त) ७.४ च्या आसपास असतो, तर गाठीतल्या पेशींबाहेरचा द्रव अनेकदा ६.५ ते ६.९ इतका आम्लधर्मी सापडतो आणि त्यात टी पेशी सुस्त पडतात. माती परीक्षणाच्या अहवालातला सामूचा रकाना ज्यांनी पाहिला आहे त्यांना एवढ्याशा फरकाने पिकाचे काय होते हे सांगायला नको. उंदरांना पाण्यातून सोडा देऊन गाठीतली आम्लता कमी केली तेव्हा प्रतिकारोपचाराचा परिणाम सुधारला, असा प्रयोगही झाला आहे. म्हणजे पत्रक पुन्हा एकदा खऱ्या दारापर्यंत नेते आणि मग भलत्याच घरात शिरते.

मी प्रयोगशाळेतून सामू कागदाच्या पट्ट्या आणल्या. पत्रकात सांगितल्याप्रमाणे एका पेल्यात दहा थेंब टाकले, तेव्हा पट्टी निळसर झाली, रंगतक्त्यावर साधारण ९. मग जठररसाच्या जवळ जाईल असे विरल हायड्रोक्लोरिक आम्ल चमचाभर त्यात ओतले. पट्टी क्षणात तांबडी झाली आणि त्यानंतर बाटलीतले आणखी वीस थेंब टाकूनही तांबडीच राहिली. जठरातून यातले काही सुटलेच तरी रक्ताचा सामू फुप्फुसे आणि मूत्रपिंडे फार चिंचोळ्या मर्यादेत, ७.३५ ते ७.४५ मध्ये, धरून ठेवतात. दहा थेंबांनी गालातल्या गाठीचा सामू बदलण्याची गोष्ट विहिरीत लिंबू पिळून सरबत करण्यासारखी आहे. हे थेंब निरुपद्रवी आहेत, एवढेच त्यांच्या बाजूने म्हणता येईल.

आर्जिनिनची पूड ही किटमधली सर्वांत चतुर वस्तू आहे. टी पेशींना वाढायला आर्जिनिन लागते हे खरे, आणि गाठीतल्या त्याच मायलॉइड पेशी आर्जिनेज नावाचे विकर सोडून ते तोडून टाकतात हेही खरे. पण तोंडाने घेतलेल्या आर्जिनिनला आतडे आणि यकृत आधी आपला वाटा काढून घेतात, उरलेले अंगभर पसरते, आणि गाठीत पोचले तरी तोडणारे विकर तिथे बसलेलेच असते. या पुडीने उपचाराचा परिणाम वाढतो असे दाखवणारी एकही चाचणी पत्रकात नाही. मुलाला विचारले तर तो म्हणाला, "सर, रिसर्च चालू आहे."

रिसर्च चालू असणे म्हणजे काय, याचे एक उदाहरण मी त्याला सांगितले, ते इथेही नोंदवतो. गाठीत ट्रिप्टोफॅन नावाचे दुसरे एक अमिनो आम्लही आयडीओ या विकरामुळे तुटते, टी पेशी त्यावाचून अडतात, आणि तुटून तयार होणारे पदार्थ त्यांना आणखी दाबतात. हे विकर बंद करणारे एपॅकाडोस्टॅट नावाचे औषध तयार झाले. प्रयोगशाळेत ते चालले, सुरुवातीच्या छोट्या चाचण्यांत आशा वाटली. मग त्वचेच्या मेलॅनोमा कर्करोगाच्या ७०० हून अधिक रुग्णांवर, पेंब्रोलिझुमॅब या प्रतिकारोपचाराच्या जोडीने, मोठी चाचणी झाली आणि २०१८ मध्ये निकाल आला: औषध जोडून काही फायदा नाही. नेमके ते विकर बंद करण्यासाठी घडवलेले, मोजून-मापून दिलेले औषध जिथे हरले, तिथे चमचाभर पूड जिंकेल असे मानायला माझे मन धजत नाही. मुलगा हे ऐकून घेत होता. त्याच्या चेहऱ्यावरून मला वाटले की त्याला हे पहिल्यांदाच कोणी सांगत होते, तोही बी.एस्सी. झालेला आहे आणि दोन वर्षे नोकरी शोधतो आहे.

आता त्या इंजेक्शनबद्दल, कारण किटची तुलना शेवटी त्याच्याशीच करायची आहे. टी पेशीवर पीडी-१ नावाचे एक बटण असते. ते दाबले गेले की पेशी हल्ला थांबवते, आणि त्याबरोबर तिचे ग्लुकोज जाळण्याचे कामही मंदावते. गाठ हे बटण दाबून ठेवते. दीर्घकाळ दाबलेली, प्राणवायूची टंचाई असलेल्या गाठीत अडकलेली टी पेशी हळूहळू आपल्या तंतुकणिका गमावत जाते, म्हणजे तिचे वीजघरच बंद पडत जाते. अशा पेशीला संशोधक 'थकलेली' म्हणतात. निव्होलुमॅब ते बटण झाकते. जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चे नोबेल ज्या शोधांसाठी मिळाले त्यांतूनच हे औषध निघाले. म्हणजे 'जागे करणे' आणि 'जेवू घालणे' ही दोन वेगळी कामे नाहीतच. बटण सुटले की पेशी स्वतःच पुन्हा ग्लुकोज ओढू लागते. मात्र जिचे वीजघर पुरते बसले आहे ती बटण सुटूनही उठत नाही, आणि हे इंजेक्शन सगळ्यांना का लागू पडत नाही याचे एक कारण तिथे आहे.

आपल्याकडच्या रुग्णांच्या दृष्टीने यात सर्वांत मोलाचे काम मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये झाले. निव्होलुमॅबची नेहमीची मात्रा २४० मिलीग्रॅम. तिचा खर्च आमच्यासारख्या कुटुंबाच्या आवाक्यात नाही. टाटाच्या डॉक्टरांनी डोके-मान भागाच्या, बरा करण्याच्या टप्प्यापलीकडे गेलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर चाचणी केली. निम्म्यांना मेथोट्रेक्झेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या गोळ्या दिल्या, निम्म्यांना त्याच गोळ्यांसोबत तीन आठवड्यांतून एकदा केवळ २० मिलीग्रॅम निव्होलुमॅब दिले. नुसत्या गोळ्यांच्या गटात वर्षभरानंतर १६.३ टक्के रुग्ण हयात होते; इंजेक्शनच्या गटात ४३.४ टक्के. मध्यम आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याच्या पलीकडे जगले तो काळ, ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेले. हे चमत्काराचे आकडे नाहीत, आणि मोठेबाबांना ते सांगताना माझा आवाज स्थिर राहिला नव्हता. पण ते आकडे आहेत, माणसे मोजून काढलेले आहेत. किटच्या सोळा पानी रंगीत पत्रकात असा एकही आकडा नाही.

कॅप्सूल आणि गुळवेल या दोन वस्तूंमुळे मी हे परीक्षण लिहायला बसलो. अँटिऑक्सिडंट जितके जास्त तितके चांगले, हा समज आपल्याकडे घट्ट रुजला आहे. स्वीडनमधील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले की फुप्फुसाचा कर्करोग सुरू झालेल्या उंदरांना ई जीवनसत्त्व आणि अशीच दुसरी अँटिऑक्सिडंट दिली तर गाठी अधिक वेगाने वाढल्या, कारण कर्करोगाच्या पेशीलाही त्या संरक्षणाचा फायदा होतो. माणसात तसेच होईल असे यावरून म्हणता येत नाही, पण उपचार चालू असताना डॉक्टरांना न सांगता ती घेऊ नयेत एवढे नक्की म्हणता येते.

गुळवेलीचे प्रकरण अधिक जवळचे आहे. आमच्या कुंपणावर ती चढलेली आहे आणि तापात तिचा काढा मी लहानपणापासून प्यायलो आहे, त्यामुळे तिच्याबद्दल मला आकस नाही. मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला आक्षेप घेतला आणि वनस्पतीची ओळख पटवण्यात चूक झाली असावी असे म्हटले. तो वाद तज्ज्ञांवर सोडला तरी निव्होलुमॅब घेणाऱ्या माणसाचा प्रश्न वेगळा आहे. प्रतिकारपेशींचे बटण सोडले की त्या कधीकधी स्वतःच्याच यकृतावर उलटतात, आणि गोळ्यांतले मेथोट्रेक्झेटही यकृताला जड जाऊ शकते. मोठेबाबांच्या चौथ्या इंजेक्शनआधी रक्त तपासले तेव्हा यकृताची विकरे मर्यादेच्या चौपट निघाली. दोष इंजेक्शनचा की गोळ्यांचा, हे डॉक्टरांना ठरवायचे होते. आणि चुलतभावाने पिशवीतून तिसरा संशयित काढून टेबलावर ठेवला. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी डबा उलटसुलट करून पाहिला, नाव लिहून घेतले, सगळेच थांबवले आणि दोन आठवड्यांनी यायला सांगितले. गुळवेलीमुळेच ते झाले असे मी म्हणत नाही, कारण ते सिद्ध करायला आता मार्ग नाही. पण कारण कळेनासे झाले आणि एक इंजेक्शन लांबले, हे नुकसान किटच्या खात्यावरच जाते.

प्रोबायोटिकबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. प्रतिकारोपचार घेणाऱ्या मेलॅनोमाच्या रुग्णांच्या एका अभ्यासात, आहारात पुरेसे तंतू असणाऱ्यांची प्रकृती अधिक चांगली राहिली आणि दुकानातली प्रोबायोटिक घेणाऱ्यांना त्याचा लाभ दिसला नाही. ज्वारी आणि तुरीचा प्रदेश आहे आपला. पुडीवर पैसे घालवण्याची गरज मला दिसत नाही.

सेवेबद्दल: पैसे रोख घेतले, बिल कच्च्या कागदावर मिळाले, फोडलेले डबे परत घेण्यास नकार मिळाला. न फोडलेल्या दोन डब्यांचे १,४०० रुपये मुलाने स्वतःच्या खिशातून दिले, असे मला नंतर कळले, आणि ते मी त्याला परत केले. कर्करोग बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने बंदी आहे, हे मी त्याला लेखी दिले. तो पुन्हा आमच्या गावात आलेला नाही. तळेगावच्या बाजारात दिसला, यावेळी सांधेदुखीच्या तेलासह.

गुणांकन करायचेच झाले तर वेष्टनाला चार, थेंबांना शून्य, आर्जिनिनला अर्धा, गुळवेल आणि कॅप्सूलला रुग्ण उपचारावर असताना उणे. पथ्याचा कागद फाडून टाकला. शेकर मात्र घरात आहे. त्याचे झाकण घट्ट बसते, चोच अरुंद आहे, आणि दोन बोटे उघडणाऱ्या तोंडात ती नीट जाते. मोठी आई त्यात सकाळी ज्वारीची आंबील आणि संध्याकाळी गुळाचे दूध भरते. यकृताची विकरे उतरल्यावर चौथे इंजेक्शन झाले. परवा वजन ४९ भरले.